बंबातलं पाणी, अंगणातला दम

घरात कुणाला शिंक आली आणि सुनेने डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी फोन उचलला, की सासूबाई हमखास म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होते गं एवढे डॉक्टर? विहिरीचं पाणी प्यायलो, मातीत लोळलो, पोट बिघडलं तर एरंडेल घेतलं. काही झालं नाही आम्हाला." सून गप्प बसते, मुलगा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतो. नातवाला मात्र हे सगळं खरं वाटतं, कारण आजी पंच्याऐंशीच्या आहेत आणि अजून जमिनीवर मांडी घालून जेवतात.

पुण्या-नागपुरात असो की इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरात, हा संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकू येतो. आजींचं म्हणणं खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ त्या काळी सगळे तिशीत जात असा नव्हे. ज्यांनी लहानपण ओलांडलं ते पुष्कळदा म्हातारे होत. पण कित्येकांना लहानपण ओलांडताच येत नसे. विहिरीच्या पाण्याने ज्यांचं काही झालं, ते "काही झालं नाही" असं म्हणायला आज आपल्यात नाहीत.

तेव्हा जुन्या घरातलं काय खरोखर चांगलं होतं, कुणासाठी चांगलं होतं आणि त्याची किंमत कोण मोजत होतं, हे एकदा नीट पाहायला हवं.

पहाटेचा बंब

जुन्या घरातल्या सुखसोयींची यादी करायची, तर पहिला मान तांब्याच्या बंबाचा. मधोमध उभी नळी, खाली जाळी आणि राख पडायची जागा, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. नळीतून गवऱ्यांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, शेंगांची टरफलं, करवंट्या असं काहीही टाकायचं. पाणी निखाऱ्याच्या भोवताली असल्याने उष्णता वाया जात नसे. घरातल्या कचऱ्यावर दहा माणसांच्या आंघोळी होत. शिवाय खाली जमलेली राख भांडी घासायला उपयोगी पडे. काटकसरीचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण.

थंडीच्या दिवसांत त्या पाण्याला एक धुरकट वास येई. दिवाळीच्या पहाटे तेल, उटणं आणि तो वास एकत्र झाला, की सण आला असं वाटे. ज्यांनी ती आंघोळ केली आहे त्यांना गीझरचं पाणी कितीही कढत असलं तरी पुरेसं वाटत नाही.

पण बंब आपोआप पेटत नसे. घर साखरझोपेत असताना कुणीतरी उठे, आदल्या दिवशीची राख काढी, विहिरीवरून किंवा आडावरून पाणी आणून बंब भरी आणि ओल्या गवरीवर फुंकर मारीत बसे. ही "कुणीतरी" बहुतेक घरांत सून असे. भरलेली एक घागर दहा-पंधरा किलोंची. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी, स्वयंपाक, धुणं आणि गुरं असतील तर त्यांचं पाणी मिळून तिच्या किती खेपा होत, हे कुणी मोजून ठेवलेलं नाही. त्याआधी किंवा त्यानंतर जात्यावर दळण. मग चूल. चुलीचा धूर डोळ्यांत आणि छातीत जाई, तो वेगळाच. त्या धुराने फुप्फुसं खराब होतात, हे आता डॉक्टर ठामपणे सांगतात. त्या काळी बाईचा खोकला हा वयाचा भाग समजला जाई.

"जात्यावर दळायच्या म्हणून बायका निरोगी असत, बाळंतपणं सोपी होत," असंही पुष्कळदा ऐकू येतं. व्यायाम होत होता यात शंका नाही. पण अर्धपोटी, लागोपाठच्या बाळंतपणांत, झोप मोडून केलेल्या कष्टाला व्यायाम म्हणायचं का? दळणाने बाळंतपण सुखरूप होत असतं, तर जुन्या घराण्यांच्या वंशावळींत दुसऱ्या-तिसऱ्या लग्नांच्या इतक्या नोंदी आढळल्या नसत्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सुटकेचा श्वास कुणी सोडला असेल, हे सांगायला नको.

माठ, फडकं आणि नारू

पाण्याच्या बाबतीत मात्र जुन्या घराचं शहाणपण मान्य करावंच लागतं. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं म्हणून. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जीव निववतो आणि मुंबईच्या दमट हवेत तोच माठ जेमतेम काम करतो. माठ चांगला नव्हता, अशी तक्रार करण्याआधी हवा पाहावी! विदर्भात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत, त्यामागेही हेच तत्त्व. आजचा कूलर म्हणजे त्या ताटीला जोडलेला पंखा.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, किंवा निवळीची बी भांड्याला आतून घासायची, म्हणजे गाळ तळाला बसे. तांब्याच्या हंड्यात पाणी रात्रभर ठेवलं, तर त्यातले बरेच रोगजंतू मरतात, हे अलीकडच्या काळात प्रयोगशाळेतही दिसून आलं आहे. मात्र तेच तांबं-पितळ आंबट पदार्थाला चालत नसे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळके, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी ठरलेली. म्हणून कल्हईवाल्याची हाक आली, की घरातली पातेली भराभर बाहेर येत. भात्याने फुलवलेले निखारे, नवसागराचा भपकन येणारा धूर, कापडाच्या बोळ्याने कथील फिरवताच काळ्या पातेल्याचा चांदीसारखा झालेला पोटभाग. गल्लीतली सगळी पोरं ते पाहायला गोळा होत. स्टेनलेस स्टील आलं आणि ही करमणूक संपली. तब्येतीच्या दृष्टीने ते बरंच झालं.

पण पाणी वरून स्वच्छ दिसणं वेगळं आणि निर्धोक असणं वेगळं. ज्या पायऱ्यांच्या विहिरींची चित्रं आज कौतुकाने पाहिली जातात, त्याच विहिरींनी महाराष्ट्रातल्या आणि राजस्थानातल्या गावांना नारू दिला. पायाला फोड यायचा, तो फुटून त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर यायचा. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी, पायऱ्या उतरून थेट विहिरीत. त्या क्षणी जंत आपली पिल्लं पाण्यात सोडी. पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव ती पिल्लं गिळत, आणि ते पाणी जो पिई त्याच्या अंगात सुमारे वर्षभराने तसाच जंत तयार होई. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं, तुटू द्यायचं नाही, हाच काय तो उपाय. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे खाटेला खिळलेला असे.

या रोगावर ना लस होती, ना औषध. तरीही तो गेला. १९८०च्या दशकात देशभर मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा त्यांना कठडे बांधून पाणी वरून शेंदण्याची सोय झाली, हातपंप बसले, आणि घरोघर एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगितली गेली: पाणी बारीक विणीच्या फडक्यातून गाळून घ्या. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. ज्या घरात आजीने हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधण्याचा हट्ट धरला होता, त्या घराने न कळत आपलं रक्षण केलं होतं. ज्या घरात तो आळस झाला, त्याची शिक्षा वर्षाने मिळे आणि तिचं कारण कुणाच्या लक्षातही येत नसे.

माठ आजही जरूर ठेवा. पण आत हात किंवा पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं, आणि माठ दर दोन-तीन दिवसांनी आतून घासून रिकामा वाळवायचा. पाणी आधी उकळून गार केलेलं असावं. आपल्या आज्यांपैकी निम्म्या तरी याबाबतीत आपल्यापेक्षा कडक होत्या.

बटव्यातलं सगळंच सोनं नव्हतं

आजीबाईचा बटवा हा तर जिव्हाळ्याचा विषय. सुंठ, ओवा, बाळंतशेपा, हळद, गवती चहा यांनी सर्दी-पडसं आणि पोटदुखी यांवर घराघरांतून आराम दिला आहे आणि आजही देतात. बाळंतिणीला अळिवाचे आणि डिंकाचे लाडू देण्याची पद्धत उत्तमच होती. अळिवात लोह भरपूर असतं, आणि एरवी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला निदान सव्वा महिना तरी तूप-गूळ हक्काने मिळे.

पण त्याच बाळंतिणीची खोली आठवून पाहा. खिडक्या बंद, दाराला पडदा, आत शेगडी आणि धुरी. नाळ कापायला घरातलं जे धारदार हाती लागेल ते. त्या हत्याराने कितीतरी बाळांना धनुर्वात झाला. आठव्या-दहाव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि घरचे लोक बाहेरची बाधा समजून अंगारा लावायचे. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताला मान्य करून घेता आलं ते थेट २०१५ साली, मातांना दिलेल्या लशी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांच्या जोरावर.

गुटीचंही तसंच. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ यांचे ठरलेले वेढे उगाळून चाटवणं यात माया होती, पण सहाण आणि बोट स्वच्छ असेल याची खात्री नव्हती. आता बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं सांगतात. त्याहून भयंकर होती बाळगोळी. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून चाळीतल्या खोलीत निजवून जात. त्या काही निर्दय आया नव्हत्या. मूल ठेवायला जागा नाही, रजा नाही, खाडा केला तर मजुरी नाही. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता देणारा कायदा झाला तो १९२९ साली. गोळीचा प्रश्न औषधाचा नव्हताच, तो पगाराचा आणि पाळणाघराचा होता.

आणि मशेरी! तंबाखू तव्यावर भाजून केलेल्या त्या काळ्या भुकटीने दात घासल्याशिवाय हजारो बायकांचा दिवस सुरू होत नसे. दात स्वच्छ होतात ही समजूत, आणि खरं कारण म्हणजे तेवढीच पाच मिनिटं भिंतीला टेकून स्वत:साठी मिळत. तोंडाच्या रोगांना आणि पोटातल्या बाळाला मशेरी घातक आहे हे माहीत असूनही ती खेड्यापाड्यांतून अजून गेलेली नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या कमरेला ती डबी असेल, तर रागावण्याआधी त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसून बोला.

संध्याकाळचं पटांगण

आता आजींच्या आठवणीतला सगळ्यात उजळ भाग: खेळ. याबाबतीत मात्र आजचा काळ खरोखरच गरीब झाला आहे. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, हुतूतू, खो-खो. यांतल्या कशालाच दुकानात जावं लागत नसे. आट्यापाट्यांना फक्कीच्या रेघा आणि खो-खोला दोन खांब पुरत. हुतूतूला तर एक रेघ आणि छातीतला दम. ज्याच्याजवळ चप्पल नाही, तोही तितकाच मोठा खेळाडू होऊ शकत असे. मुंबईच्या लालबाग-परळमध्ये गिरणीच्या पाळीवरून सुटलेले तरुण चाळींमधल्या मोकळ्या जागेत पाणी मारून, माती चोपून हुतूतूचं मैदान करीत. चाळीच्या गॅलऱ्या हीच प्रेक्षकांची जागा.

या गल्लीतल्या खेळांना नियमांत बांधण्याचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झालं, आणि त्याचं श्रेय महाराष्ट्राइतकंच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनाही आहे. पुण्याचा डेक्कन जिमखाना खो-खोचे नियम बसवत होता. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३च्या सुमारास हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत देशी खेळ आणि व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचं इतकं वेड होतं, की संस्थानातल्या शाळाशाळांतून त्यांनी ते सुरू केले, आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. त्या काळात हे बोलायलाही धाडस लागत होतं.

तालमीचं जग वेगळंच. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, रोज फावड्याने उकरायची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान या जगाचं राऊळ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कोल्हापुरात शिकले, आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी पैसा कुठून आला? गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वत:चं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा लोक दीडशेवर बैलगाड्या घेऊन स्टेशनवर आले होते. सरकारला मात्र त्यांची आठवण उशिरा झाली. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली.

ज्या मैदानावर घरादाराची माया अशी ओतली जाते, ते मैदान गावाचं असतं. आज सोसायटीत "बॉल खेळण्यास मनाई" अशी पाटी असते. गाड्या लावायला जागा हवी म्हणून पटांगण गेलं, आणि मग त्याच घरातल्या मुलाचं वजन वाढलं म्हणून महिन्याची फी भरून त्याला शिकवणीला घातलं जातं.

मुली कुठे खेळायच्या?

तालमीत बाईला प्रवेश नव्हता. हुतूतूच्या मैदानावर ती गॅलरीतून पाहणारी. मुली अंगणात सागरगोटे आणि ठिकरी खेळत, तेही वयात येईपर्यंत. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली झाला तेव्हा त्याविरुद्ध केवढा गदारोळ उठला होता! ज्या वयात भाऊ विटीदांडूची हारजीत करीत होता, त्या वयात बहीण सासरी बंब पेटवत होती.

मग बायकांना शरीर मोकळं करायला काहीच नव्हतं का? होतं. श्रावणातली मंगळागौर. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजा, आणि रात्रभर जागरण. पूजा हे निमित्त; खरी रात्र खेळांची. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा. बसफुगडी आणि कोंबडा हे प्रकार करून पाहा, म्हणजे मांड्यांना आणि गुडघ्यांना केवढी मेहनत पडते ते कळेल. त्या रात्री आवाज वर चढला तरी कुणी गप्प बस म्हणत नसे, दम लागेपर्यंत हसता येई, आणि सासूही कधी कधी पदर खोचून रिंगणात उतरे. वर्षातून अशा किती रात्री? श्रावणात मंगळवार चार, फार तर पाच. त्यातही ज्यांच्या कपाळी वैधव्य आलं, त्यांना माजघराच्या अंधारातून फक्त ऐकता येई.

आज मंगळागौरीचे गट निघाले आहेत, नऊवारी नेसून बायका सभागृहांतून खेळ सादर करतात, पन्नाशी-साठीच्या बायका सराव म्हणून आठवड्यातून दोनदा घाम गाळतात. पूजेवर विश्वास असो वा नसो, या खेळांचा तो उत्तम उपयोग आहे. मैदानावरचं अंतर मात्र सावकाश कमी झालं. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, स्त्रियांची यायला २०१० साल उजाडलं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पुरुषांबरोबर भारताच्या स्त्रियांनीही ती जिंकली.

बंब आता कित्येक घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चिंचेने घासून, चकचकीत करून ठेवलेला दिसतो. पाहुणे त्याचं कौतुक करतात. पुढच्या वेळी आजी "आमच्या वेळी" म्हणाल्या, की त्यांना अडवू नका. त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा: आजी, तुम्ही कोणता खेळ खेळत होता, आणि तो कितव्या वर्षी सुटला? नातवालाही जवळ बसवून घ्या. उत्तर द्यायला त्या थोडा वेळ घेतील.